वर्डप्रेस, ड्रुपल की जूमला : सोलापुरातील एका शिक्षणसंस्थेपुढचा प्रश्न

सोलापुरातील एखादी जुनी शिक्षणसंस्था डोळ्यासमोर आणावी. दोन शाळा मराठी माध्यमाच्या, एक कन्नड माध्यमाची, एक इंग्रजी माध्यमाची, शिवाय वरिष्ठ महाविद्यालय, आयटीआय आणि मुलींचे वसतिगृह असा तिचा पसारा आहे. महाविद्यालयाचे संकेतस्थळ नॅकच्या (महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या परिषदेच्या) भेटीआधी घाईने उभे राहिले, आयटीआयचे एका माजी विद्यार्थ्याने हौसेने करून दिले, इंग्रजी शाळेचे महिना भाड्याच्या तयार सेवेवर आहे आणि बाकीच्यांचा कारभार फेसबुकच्या पानांवर चालतो. आता सगळे एका सीएमएसवर, म्हणजे संकेतस्थळाचा मजकूर सांभाळणाऱ्या एका प्रणालीवर, आणायचे असे कार्यकारिणीने ठरवले असून वर्डप्रेस, ड्रुपल आणि जूमला अशी तीन कोटेशने टेबलावर आली आहेत. पुढचा आढावा अशा कार्यकारिणीसाठी आहे. या तिन्ही प्रणालींवर मी काम केलेले असल्यामुळे माझा कल कोठे आहे हे वाचताना कळेलच, आणि तो लपवण्याचे कारणही नाही.

पहिली गोष्ट पैशाची, आणि ती थोडक्यात आटोपते. तिन्ही प्रणाली पीएचपी या संगणकभाषेवर चालतात, तिन्ही जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली खुल्या आहेत आणि तिघींची मूळ प्रत फुकट मिळते. त्यामुळे एखाद्या कोटेशनमध्ये ‘सॉफ्टवेअर लायसन्स’ अशी मोघम ओळ दिसली, तर ती कोणत्या प्लगइनची (वरून जोडायच्या सोयीची) किंवा थीमची (तयार मांडणीची) आहे आणि दर वर्षी भरावी लागेल काय, हे लेखी विचारावे. संस्थेचा खरा खर्च उभारणीत एकदा होतो आणि देखभालीत दर वर्षी होतो. आपल्याकडे पहिला आकडा घासाघीस करून खाली आणतात आणि दुसरा विचारायचा राहून जातो.

जूमलाविषयी आधी लिहून ते बाजूला ठेवतो. मॅम्बो नावाच्या प्रणालीतून फुटून ती २००५ साली निघाली. तिचे नाव स्वाहिली भाषेतील ‘सगळे मिळून’ या अर्थाच्या शब्दावरून घेतले असून तो मुळात अरबीच आहे, म्हणजे आपल्या जुन्या जमाखर्चातील बेरजेचा ‘जुमला’ तो हाच. प्रणाली वाईट मुळीच नाही. बहुभाषिक मजकुराची सोय तिच्या गाभ्यातच, म्हणजे मूळ प्रतीतच आहे, आणि कोणत्या विभागात कोणी लिहायचे याचे नियंत्रण वर्डप्रेसपेक्षा तिच्यात बारकाईने करता येते. अडचण माणसांची आहे. काम सोडून गेलेल्याच्या जागी आठवड्याभरात दुसरा जूमला जाणणारा माणूस सोलापुरात मिळेल, अशी खात्री मला देता येत नाही. कोटेशन देणाऱ्याकडे असे दोघे-तिघे कायमचे असतील तरच तिचा विचार करावा.

आता खरी तुलना वर्डप्रेस आणि ड्रुपल यांची.

ड्रुपल २००१ साली बाहेर आले, वर्डप्रेस २००३ साली. वर्डप्रेसचा जन्म ब्लॉग लिहिण्याच्या साधनातून झाला आणि आज जगातील ४० टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे त्यावर आहेत. ड्रुपलचा वाटा त्यामानाने फार लहान असला तरी विद्यापीठे आणि सरकारी खाती यांच्याकडे त्याचे वजन आहे. या आकड्यांवरून काही ठरत नाही. ठरते ते कार्यालयात, संगणकासमोर बसलेल्या भाऊसाहेबांवरून. सूचना, निकाल, गुणवत्ता यादी आणि सुट्टीची नोटीस साइटवर टाकणारे तेच आहेत.

त्यांचे एक काम जवळून पाहू. जून महिना आहे, गेटबाहेर पालक उभे आहेत, आणि भाऊसाहेब वर्डप्रेसमध्ये शीर्षक लिहितात : ‘प्रथम वर्ष प्रवेश गुणवत्ता यादी’. शीर्षकावरून पानाचा पत्ता आपोआप तयार होतो. देवनागरीतील प्रत्येक वर्ण, काना, मात्रा आणि हलन्त यांना संगणकात तीन बाइट लागतात आणि पत्त्यात त्यांतील प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हासह तीन चिन्हांनी लिहिला जातो, म्हणजे एकेका वर्णाला नऊ चिन्हे होतात; ‘सोलापूर’ हा एवढासा शब्द ६३ चिन्हांचा होतो. वर्डप्रेस पत्त्याच्या या भागाला २०० चिन्हांची मर्यादा घालते. हिशेब केला तर वरचा पत्ता ‘गुणवत्’ इथपर्यंत येऊन तुटतो, ‘ता’ आणि ‘यादी’ बाहेरच राहतात. चार दिवसांनी दुसरी यादी लागली की तिचाही पत्ता तेथेच तुटतो आणि प्रणाली त्याला निमूटपणे शेवटी २ चा आकडा जोडते. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाते ती टक्क्यांच्या चिन्हांनी भरलेली चार ओळींची लिंक, आणि कोणती लिंक कोणत्या यादीची हे उघडल्याशिवाय कळत नाही. ‘सर, यादी टाकली, पण लोक म्हणतात जुनीच उघडतेय,’ असा भाऊसाहेबांचा फोन मला आलेला आहे.

उपाय साधा आहे : प्रसिद्ध करण्याआधी पत्त्याच्या चौकटीत रोमन लिपीत चार-पाच अक्षरांचे नाव आणि साल हाताने लिहायचे. पण ही सवय लावावी लागते. ड्रुपलमध्ये पाथऑटो हे मॉड्यूल (प्लगइनला ड्रुपलमधला शब्द) बसवले की देवनागरी शीर्षकाचे रोमन लिप्यंतर होऊन पत्ता बनतो. ते लिप्यंतर ओबडधोबड असते, पण तुटका पत्ता आणि ओबडधोबड पत्ता यांत मी दुसरा पत्करीन. जूमलात युनिकोड (सर्व लिप्यांसाठीची सामाईक अक्षरसंकेत पद्धत) पत्त्यांची सोय चालू केलेली नसेल, तर देवनागरी शीर्षकाच्या जागी तारीख आणि वेळ यांचे आकडे येऊन बसतात. प्रत्येक कोटेशनवाल्याला हा एकच प्रश्न विचारून पाहावा, कारण मराठी संकेतस्थळ त्याने खरोखर चालवले आहे काय, ते उत्तरावरून लगेच समजते.

याच कामातली दुसरी अडचण कोणतीही सीएमएस सोडवत नाही. संस्थेची जुनी परिपत्रके युनिकोडपूर्व फाँटमध्ये टाइप केलेली असतात. ती उचलून संपादकात चिकटवली की अक्षरांऐवजी कंस, आकडे आणि इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो, आणि मग सोपा मार्ग म्हणून कागद छापून, स्कॅन करून पीडीएफ चढवली जाते. ती पीडीएफ म्हणजे केवळ चित्र असते. ती शोधात सापडत नाही, मोबाइलवर वाचताना डोळे ताणावे लागतात, आणि अंध विद्यार्थ्याच्या वाचक-सॉफ्टवेअरला तिच्यात काहीच ऐकवता येत नाही. जुना मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून तपासण्याचे काम कोणाचे, हे करारात लिहिलेले नसेल तर ते कोणाचेच नसते.

भाषांच्या बाबतीत ड्रुपल सरळ पुढे आहे. २०१५ साली आलेल्या आठव्या आवृत्तीपासून बहुभाषिकतेची चार मॉड्यूल गाभ्यातच आहेत. एकाच नोंदीची मराठी, कन्नड आणि इंग्रजी रूपे एकमेकांना बांधलेली राहतात आणि भाषांतर जुने झाले आहे अशी खूणही त्या नोंदीवर करता येते. वर्डप्रेसच्या गाभ्यात ही सोय नाही, त्यासाठी पॉलिलँग किंवा डब्ल्यूपीएमएल यांसारखे प्लगइन लागते, आणि संकेतस्थळाचा कणाच अशा प्लगइनवर उभा राहतो. तथापि येथे थांबून विचारावे की आपल्याला भाषांतर हवे आहे की वेगवेगळ्या भाषांतली वेगवेगळी संकेतस्थळे. सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चारही माध्यमांच्या शाळा आहेत, परंतु कन्नड शाळेच्या पालकसभेची सूचना मराठी शाळेच्या पालकांना नको असते. शाळेगणिक भाषा असेल तर वर्डप्रेसच्या मल्टिसाइट रचनेत, म्हणजे एकाच प्रतीवर अनेक स्थळे चालवताना, प्रत्येक उपस्थळाची भाषा स्वतंत्र ठेवता येते आणि भाषांतराच्या प्लगइनची गरजच पडत नाही. संस्थेचा इतिहास, देणगीचे आवाहन आणि नोकरभरतीची जाहिरात असा मोजकाच मजकूर सगळ्या भाषांत लागतो, तो हाताने ठेवला तरी चालतो. माझ्या पाहण्यातील बहुतेक संस्थांची गरज एवढीच निघाली.

मल्टिसाइटविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण ‘सगळे एका ठिकाणी’ या मागणीचे उत्तर तेच आहे. २०१० सालच्या ३.० आवृत्तीपासून ही रचना वर्डप्रेसच्या गाभ्यात आली आणि २०१६ सालच्या ४.५ आवृत्तीपासून प्रत्येक उपस्थळाला स्वतःचे डोमेन (संकेतस्थळाचे नाव) जोडणेही गाभ्यातूनच होऊ लागले. प्रणालीची प्रत एक, डेटाबेस एक, पण प्रत्येक उपस्थळाच्या मजकुराची कोष्टके वेगळी. थीम आणि प्लगइन बसवण्याचा अधिकार मुख्य प्रशासकाकडेच राहतो, त्यामुळे कोणा उत्साही शिक्षकाने फुकटात मिळाली म्हणून विकतची थीम आणून टाकण्याचा धोका टळतो. अशा एका फुकट थीममुळे एका शाळेच्या साइटवर महिनाभर औषधांच्या जाहिराती झळकत होत्या आणि त्या पहिल्यांदा दिसल्या एका पालकाला, हे मी पाहिले आहे. उलट बाजूही तितकीच खरी आहे. एक भिंत पडली की सातही खोल्या उघड्या पडतात. एका प्लगइनच्या बिघाडाने वसतिगृहापासून महाविद्यालयापर्यंत सगळे एकदम बंद पडू शकते. आणि उद्या आयटीआय वेगळ्या विश्वस्त मंडळाकडे गेले तर त्याचे उपस्थळ सोडवून देणे म्हणजे एकत्र कुटुंबाची वाटणी करण्यासारखेच किचकट असते. ड्रुपलमध्येही एका प्रतीवर अनेक स्थळे चालवता येतात, तेथे सहसा प्रत्येकाचा डेटाबेस वेगळा असतो. त्यामुळे वाटणी सोपी होते, पण अद्ययावत करताना प्रत्येक डेटाबेसवर वेगळे काम करावे लागते.

महाविद्यालयाचे गणित मात्र शाळांपेक्षा निराळे आहे. तेथे मजकूर केवळ पाने आणि सूचना असा नसतो. प्राध्यापकांची नावे, पात्रता, विषय आणि प्रकाशने विभागाच्या पानावर दिसतात, नॅकच्या अहवालासाठी वर्षवार काढावी लागतात आणि विद्यापीठाला दाखवावी लागतात. अनुदानावर चालणाऱ्या संस्थेला माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार १७ बाबी स्वतःहून प्रसिद्ध कराव्या लागतात, त्यांतही कर्मचाऱ्यांची यादी आहेच. एकदा भरलेली नोंद चार ठिकाणी चार प्रकारे दाखवणे हा ड्रुपलचा हातखंडा आहे. त्यासाठी लागणारी रकान्यांची आणि याद्यांची साधने गाभ्यात येतात. मसुदा विभागप्रमुखांकडे, तेथून प्राचार्यांकडे आणि मगच प्रसिद्धी, ही साखळीही गाभ्यातील मॉड्यूलांनी बांधता येते. वर्डप्रेसमध्ये संपादकाची भूमिका दिली की तो त्या स्थळावरचा सगळाच मजकूर बदलू शकतो, आणि नोंदींना वेगळे रकाने हवे असतील तर बहुधा प्लगइन घ्यावे लागते. असेच एक सर्वपरिचित प्लगइन ऑक्टोबर २०२४ मध्ये, वर्डप्रेसचे सहसंस्थापक आणि डब्ल्यूपी इंजिन ही कंपनी यांच्या वादात, अधिकृत संग्रहातच दुसऱ्या नावाने आणि दुसऱ्या हाती गेले. संकेतस्थळे त्यामुळे बंद पडली नाहीत, तरी कणा प्लगइनवर उभा करताना ही घटना लक्षात असावी.

मग ड्रुपलच का घेऊ नये? त्याचे उत्तर देखभालीत आहे. ड्रुपलची सातवी आवृत्ती जानेवारी २०११ मध्ये आली आणि तिचा अधिकृत आधार ५ जानेवारी २०२५ रोजी संपला. सातव्यावरून पुढे जाणे म्हणजे घराची दुरुस्ती नसून नवे घर बांधणे होते, आणि तेवढी तरतूद नसलेल्या संस्था जुन्यावरच बसून राहिल्या. आठव्यापासून पुढचा प्रवास पुष्कळ सुकर झाला आहे, परंतु त्यासाठी सर्व्हरवर कमांड लाइनने (आज्ञा टाइप करून), कंपोझर हे भाग बसवण्याचे साधन वापरून काम करणारा माणूस लागतो; स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे अनेकांत वाटलेल्या सर्व्हरवर, ते नीट जमत नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये ड्रुपलच्या गाभ्यात एक गंभीर त्रुटी निघाली, तेव्हा सुरक्षा-चमूनेच कळवले होते की घोषणेनंतर सात तासांत दुरुस्ती केली नसेल तर स्थळात शिरकाव झाला आहे असे धरून चालावे. ती घोषणा आपल्याकडे रात्री पोहोचली असणार. रात्री फोन उचलणारा माणूस आपल्याकडे आहे काय? वर्डप्रेस २०१३ सालच्या ३.७ आवृत्तीपासून गाभ्याच्या सुरक्षा दुरुस्त्या स्वतःच बसवून घेते. तिथे भोके पडतात ती बहुतेक प्लगइनमध्ये, म्हणून प्लगइन जितकी कमी तितके बरे.

आणि माणसाचा प्रश्न सोलापुरात नेहमीचाच आहे. चांगले काम शिकलेला मुलगा दोन वर्षांत पुण्याला किंवा हैदराबादला जातो, त्याला दोष देण्यात अर्थ नाही. जाताना तो पासवर्ड कोणाकडे ठेवतो आणि डोमेन कोणाच्या नावावर आहे, एवढेच आपल्या हातात असते. डोमेन संस्थेच्या नावावर आणि संस्थेच्याच ईमेलवर असावे, कोटेशन देणाऱ्याच्या नव्हे. ही अट मान्य नसलेले कोटेशन, मग ते कोणत्याही प्रणालीचे असो, परत करावे.

वर वर्णन केलेल्या संस्थेला माझा सल्ला असा राहील. चारही शाळा, आयटीआय आणि वसतिगृह वर्डप्रेसच्या एका मल्टिसाइटवर घ्यावेत, प्लगइन दहाच्या आत ठेवावीत आणि रोजची राखीव प्रत (बॅकअप) दुसऱ्या सर्व्हरवर जाईल अशी व्यवस्था करावी. महाविद्यालयाचे स्थळ वेगळे ठेवावे. वार्षिक देखभालीचा करार तीन वर्षांसाठी करण्याची आणि बरे होस्टिंग घेण्याची तयारी असेल तर ते ड्रुपलवर करावे, नसेल तर स्वतंत्र वर्डप्रेसवर. अर्धवट सांभाळलेल्या ड्रुपलपेक्षा नीट सांभाळलेले वर्डप्रेस केव्हाही परवडते. ‘सगळे एका सीएमएसवर’ या ठरावाला यामुळे थोडा छेद जातो, तो जाऊ द्यावा. इंग्रजी शाळेची भाड्याची सेवा मात्र सोडावी, कारण भाडे थांबले की मजकूरही जातो आणि बाहेर काढताना त्याचे लचके तुटतात.

सही करण्यापूर्वी प्रत्येक कोटेशनवाल्याकडून चाचणीचे स्थळ मागून घ्यावे आणि भाऊसाहेबांना त्यावर तीन कामे करू द्यावीत : एक गुणवत्ता यादी टाकणे, एक कन्नड सूचना टाकणे आणि चुकून प्रसिद्ध झालेली नोटीस मागे घेणे. शेजारी कोणी उभे राहू नये. स्थलांतराचे काम जानेवारीतली गड्ड्याची यात्रा आटोपल्यावर सुरू करून एप्रिलअखेर संपवावे, म्हणजे मे महिन्यात जुन्या पत्त्यांवरून नव्याकडे वळवण्याच्या नोंदी तपासायला वेळ मिळतो. जूनमध्ये पहिली यादी लागेल तेव्हा पालकांच्या मोबाइलमध्ये साठवलेली लिंक गेल्या वर्षीचीच असणार.