ऑप्टिकल स्लेव्ह आणि टीटीएल फ्लॅश: काही महिने वापरल्यावर

चांदीचे दागिने, वाट्या, निरांजनं यांचे कॅटलॉगसाठी फोटो काढतो. कॅमेरा निकॉन डी५६००, बाजूला स्टँडवर गोडॉक्स टीटी६०० हा सुटा फ्लॅश, आणि कॅमेऱ्याच्या पॉप-अप फ्लॅशने तो पेटवायचा. दुसऱ्या फ्लॅशची चमक सेन्सरने ओळखून असा आपोआप पेटणारा फ्लॅश म्हणजे ऑप्टिकल स्लेव्ह. पावसाळ्यापासून हेच चाललंय. टेबलावर झकास चालतं, उघड्यावर जवळपास निरुपयोगी. आणि पॉप-अप टीटीएलवर, म्हणजे फ्लॅशचा जोर कॅमेराच मोजून ठरवतो त्या मोडवर, असेल तर नुसती डोकेदुखी.

ती का, हे दुकानात कुणी सांगत नाही. टीटीएलमध्ये शटर उघडण्याआधी एक मंद प्रीफ्लॅश पडतो, त्यावर कॅमेरा उजेड मोजतो, मग खरा फ्लॅश. मधलं अंतर इतकं कमी की डोळ्याला एकच चमक दिसते. एस१ मोडमधला स्लेव्ह पहिल्या चमकेलाच पेटतो आणि शटर उघडेपर्यंत विझलेला असतो. वर त्याचा झगझगाट मोजणीत शिरतो, कॅमेऱ्याला वाटतं उजेड भरपूर आहे, म्हणून तो पॉप-अपलाही आवरतो. फोटो काळाकुट्ट. शेजारी उभा असलेला मात्र शपथेवर सांगेल की दोन्ही फ्लॅश पेटले!

एस२ मोड पहिली चमक सोडून दुसरीला पेटतो. वेळ जुळते, हिशेब जुळत नाही. मोजणीच्या वेळी स्लेव्ह गप्प होता, त्यामुळे कॅमेरा एकट्या पॉप-अपला पुरेल एवढा उजेड ठरवतो आणि स्लेव्हचा त्यात वरून पडतो. चांदी पांढरीफटक. फ्लॅश कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला फ्लॅशचा जोर कमी-जास्त करायची सोय) उणे करून भागवता येतं, पण फ्रेम बदलली की पुन्हा तेच. काही कॅमेऱ्यांत रेड-आय रिडक्शनसाठी फ्लॅशच आधी चमकतो. तिथे तर एस२चीही मोजदाद चुकते.

म्हणून टीटीएलच बंद. कस्टम सेटिंग ई१मध्ये पॉप-अप मॅन्युअल, पॉवर १/३२, स्लेव्ह एस१वर. प्रीफ्लॅश नाही, त्यामुळे भानगडही नाही. आयएसओ १००, एफ/११, शटर १/२०० ठेवलं की पॉप-अपचा उजेड फोटोत नावापुरता उरतो. तरी चकचकीत वाटीत त्याचा ठिपका दिसतोच, म्हणून समोर पांढरा पुठ्ठा तिरका लावून चमक छताकडे वळवतो. छोट्या खोलीत स्लेव्हच्या सेन्सरला तेवढी पुरते. सेन्सरला चमक दिसावी म्हणून स्लेव्हची बॉडी कॅमेऱ्याकडे वळवायची आणि फक्त डोकं वस्तूकडे फिरवायचं, एवढं सांभाळा.

उन्हात सेन्सरला चमक ओळखूच येत नाही. लग्नात उलटी तऱ्हा: दुसऱ्या फोटोग्राफरच्या प्रत्येक क्लिकला आपला फ्लॅश पेटतो आणि अंतरपाट दूर होतो तेव्हा तो चार्ज होत बसलेला असतो. मोबाइलच्या एलईडीचा तेवढा त्रास नाही. अशा कामाला चमकेऐवजी रेडिओ सिग्नलनेच फ्लॅश पेटवायला हवा. टीटी६००मध्ये २.४ गिगाहर्ट्झचा रिसीव्हर आतच आहे, त्यामुळे कॅमेऱ्यावर लावायला निकॉनसाठीचा गोडॉक्स ट्रान्समीटर तेवढा घ्यावा लागतो.