साप पळवणारी पावडर, ५०० ग्रॅम: एक स्टार, तोही डब्यासाठी

डबा चांगलाय, हे आधीच सांगून टाकते. झाकण घट्ट बसतं, सध्या त्यात कपड्यांचे चिमटे ठेवलेत. पावडरीचं मात्र जरा सविस्तर लिहावं लागेल, कारण माझी तक्रार कंपनीने ज्या कारणाने फेटाळली ते कारण वाचून आमच्या घरात दोन दिवस हसू चाललं होतं.

आम्ही साताऱ्यात गोडोलीकडे राहतो, तळमजला, मागे चार हात जागा आणि तिथे माझ्या कुंड्या. जुलैत इकडे पाऊस कसा असतो ते सातारकरांना सांगायला नको, आठ-आठ दिवस अजिंक्यतारा दिसत नाही. अशाच एका सकाळी बाथरूमच्या जाळीजवळ काळी नाडी पडलेली दिसली, वाटलं पोराच्या बुटाची असेल, उचलायला वाकले तर नाडी चालायला लागली. मी ओरडले, हे झाडू घेऊन आले, पोरगं मोबाईल घेऊन आलं. सासूबाई पाटणकडच्या, त्यांनी दारातूनच बघितलं आणि म्हणाल्या, "अगं वाळा हाय त्यो. कायबी करत न्हाय. कागदावर घे आन् कुंडीत सोड जा." वाळा म्हणजे गांडुळासारखा दिसणारा बारका, बिनविषारी साप. एवढं सांगून त्या चहा गाळायला परत गेल्या. मी अर्थातच ऐकलं नाही, ह्यांनी कागदावर घेऊन तो बाहेर टाकला आणि रात्री मी ही पावडर मागवली, ३९९ रुपये, "सर्व प्रकारचे साप ३० दिवस दूर", शंभर टक्के हर्बल.

हर्बल म्हणतात पण डबा उघडला की आजीच्या ट्रंकेतल्या डांबरगोळ्यांचा वास. घराभोवती चार इंच रुंद पट्टा मारायचा असं लिहिलंय, म्हणजे ५०० ग्रॅममध्ये घराची एक बाजूसुद्धा धड होत नाही. मागच्या बाजूला मारली ती संध्याकाळपर्यंत पावसाने भिजून खळ झाली. उरलेली बाथरूमच्या जाळीभोवती गोल घातली तर पोरगं दोन दिवस शिंकत होतं आणि सासूबाईंनी नाकाला पदर लावून मला जे ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही. आणि पाचव्या दिवशी जाळीतून वाळा आला. घाई नाही काही नाही, पट्ट्यातून सरळ वळवळत बाहेर, पाठीवर पांढरी पावडर, लग्नाला निघाल्यासारखा.

फोटो काढला, तक्रार टाकली, पैसे परत मागितले. उत्तर आलं, "मॅडम, हे गांडूळ आहे. आमचं प्रॉडक्ट फक्त सापांवर काम करतं." आता ३९९ रुपये काही फार नाहीत पण मी गांडूळ बघून किंचाळले असं लेखी कुणी म्हणावं हे मला सहन होईना.

मग श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात त्याला घेतला आणि पोराचं भिंग लावून तासभर बघत बसले. गांडुळाला अंगभर कडी असतात, ते आखडतं आणि लांबतं, हाताला चिकट लागतं. हा कोरडा, काळाकुळकुळीत आणि चकचकीत, तेल लावल्यासारखा, आणि भिंगातून बघितलं की बारीक खवले, वर-खाली सगळीकडे सारखेच. इतर सापांना पोटाखाली रुंद पट्ट्या असतात त्या ह्याला नाहीत. मोजला तर साडेबारा सेंटीमीटर, जाडी पेनातल्या रिफिलएवढी. बारकी जीभ लपलप बाहेर येते, गांडुळाला कुठली आली जीभ? डोळे म्हणजे खवल्याखाली दोन काळे ठिपके, खसखशीपेक्षा लहान, त्यातून त्याला उजेड-अंधार तेवढा कळतो. शेपटी इतकी आखूड आणि बोथट की तोंड कुठलं ते जीभ बाहेर आल्यावरच समजतं. शेपटीच्या टोकाला एक काटा आहे, तळहातावर घेतला की तो टोचून बघतो, तांदळाचं टोक लागावं इतपत. शेजारच्या काकू म्हणतात तोच विषारी डंख, पण तो नुसता मातीत रोवून पुढे जोर लावायचा टेकू आहे, विषबिष काही नाही. आणि कानात शिरतो म्हणतात तर एवढ्या तासाभरात त्याने फक्त डब्याच्या कोपऱ्यात शिरायचा प्रयत्न केला. स्टीलच्या ताटलीत ठेवला तर जागच्या जागी घसरत राहिला, बिचारा. कुंडीच्या मातीवर सोडला, डोकं खुपसलं आणि दोन सेकंदात गायब!

हे सगळं मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं ती चूक झाली. एकाने लिहिलं देवगांडूळ आहे. देवगांडूळ आपल्या कोयना खोऱ्यात आहेच, पण ते बेडकाच्या नात्यातलं, ओलसर कातडीचं, आणि त्याच्या अंगावर कडी दिसतात. दुसऱ्याने लिहिलं, "वहिनी, मांडुळाचं पिल्लू आहे, जपून ठेवा, लाखात जातं." अहो मांडूळ विकणं गुन्हा आहे, आत जाल. मांडूळ पिल्लं घालतं, ती सुरुवातीपासूनच ह्याच्यापेक्षा चांगली दांडगी असतात, आणि वाळा अंडी घालतो, शिजलेल्या बासमतीच्या शितासारखी लांबुडकी. पण ग्रुपवरच्या त्या भाऊंना अगदीच वेड्यात काढता येत नाही. पॅट्रिक रसेल म्हणून ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर होता, त्याने १७९६ मध्ये कोरोमंडल किनाऱ्यावरच्या सापांची चित्रं छापली, त्यात विशाखापट्टणचा हा वाळा आहे आणि खाली लोकांनी सांगितलेलं तेलुगू नाव आहे, अर्थ दोन डोक्यांचा साप. म्हणजे आपण मांडुळाला म्हणतो तसं दुतोंडीच. पुढे १८०३ मध्ये फ्रान्सच्या दोदँ नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने ह्याचं शास्त्रीय बारसं केलं तेव्हा त्यानेही ह्याला थेट मांडुळाच्या वंशात, एरिक्समध्ये टाकलं. आता नाव इंडोटायफ्लॉप्स ब्रॅमिनस आहे. मी आपलं "वाळा" टाकून शोधत होते तर मोबाईल मला बाळाच्या पायातले चांदीचे वाळे दाखवतोय, नाहीतर माठात घालायचा वाळा. अजूनही जाहिराती येतायत वाळ्यांच्या. सासूबाईंनी त्याचा भलताच अर्थ काढलाय, तो विषय वेगळा.

सगळ्यात कहर म्हणजे मी इतका वेळ "तो, तो" करतेय आणि वाळ्यात नर नसतोच. सगळ्या माद्या. नराशिवाय अंडी घालतात आणि अंड्यातून पुन्हा माद्याच निघतात, आईची हुबेहूब नक्कल. साधारणपणे गुणसूत्रांचे दोन संच असतात, एक आईचा एक बापाचा, ह्यांच्यात तीन संच आहेत. कायम असंच चालणारा जगातला माहीत असलेला हा एकच साप. मी हे जेवताना सांगितलं तर आमचे हे म्हणाले, बरंय, कटकट नाही. सासूबाई ह्यांच्याकडे नुसत्या बघत राहिल्या.

ह्याचा फायदा असा की जगात कुठेही एक वाळा पोचला की काम झालं, जोडीदार शोधायची भानगड नाही. आणि पोचायचं कसं तर कुंडीतून. रोपाच्या मातीत अंडं नाहीतर वाळा असतो, रोप जहाजात चढतं, वाळा फुकटात परदेशी. फ्लोरिडात गेला, मेक्सिकोत गेला, हवाई बेटांवर तर जमिनीवर वस्ती केलेला हा एकटाच साप, तोही फिलिपिन्सहून कुंड्यांबरोबर आला असं मानतात. इंग्रजीत नावच कुंडीतला साप असं आहे. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली, जूनमध्ये मी नर्सरीतून मोगरा, कढीपत्ता आणि दोन जास्वंदी आणल्या होत्या. म्हणजे बाहेरून घुसलेल्याला अडवायला मी पट्टा मारत होते आणि ह्या बाईसाहेब पट्ट्याच्या आतच राहत होत्या, पावसाने भोकं भरली की वर यायच्या, पाइपातून जाळीत.

आता पावडरीबद्दल शेवटचं. गंधक आणि डांबरगोळीच्या अशा पावडरी अमेरिकेतही खूप विकल्या जातात, तिथे सापांवर तपासून बघितल्या तर साप खुशाल ओलांडून गेले. मोठ्या सापाची भीती असेल तर ३९९ वाचवा, दाराखालची फट बुजवा, उंदरांचा बंदोबस्त करा आणि सर्पमित्राचा नंबर मोबाईलमध्ये ठेवा. आणि वाळ्यासाठी तर काहीच करू नका, कारण तो खातो काय तर मुंग्यांची अंडी, अळ्या, कोष आणि वाळवी. दात फक्त वरच्या जबड्यात, त्यांनी भराभर घास आत ओढतो. वाळवी खाताना तर कधीकधी तिचं डोकं घासून तोडून टाकतो, कारण ते टणक असतं, पचत नाही, आपण कोळंबीचं डोकं काढतो तसं समजा. टेक्सासकडे ह्याच्याच नात्यातल्या बारक्या सापांना एक जातीचं घुबड जिवंत उचलून घरट्यात नेतं, त्यातले काही तिथेच राहतात आणि घरट्यातल्या अळ्या खातात, आणि अशा घरट्यातली घुबडाची पिल्लं जास्त जगतात आणि लवकर वाढतात असं दिसलंय. आमच्या चौकटीला गेल्या वर्षी वाळवी लागली होती. पेस्ट कंट्रोलवाल्याला दिलेला आकडा मी इथे लिहीत नाही.

तर हे सगळं, भिंगातून काढलेल्या फोटोंसकट, जिभेचा व्हिडिओ जोडून, मी कंपनीला पाठवलं. तीन दिवसांनी उत्तर आलं की साप असल्याचं मान्य आहे पण डबा उघडलेला असल्याने पैसे परत मिळणार नाहीत, नाराजीबद्दल १०० रुपयांचं कूपन देतोय. कूपन चालतं फक्त त्यांच्याच मुंग्या मारायच्या खडूवर.

खडू मागवलेला नाही. मुंग्या मारल्यावर कढीपत्त्याच्या कुंडीतलीने खायचं काय? कुणाला हवं असेल तर कूपन घेऊन जा, ३१ तारखेपर्यंत चालतं.