टिपरे की साराभाई?

रात्री जेवणं आटोपली की आमच्या गोव्यातल्या डिचोलीच्या घरात टीव्हीसमोर चार माणसं असतात. पंचाहत्तरीची आई, बायको, नववीतली मुलगी आणि मी. चौघंही एकदम हसतील अशी जुनी मालिका हवी होती. बऱ्याच काटछाटीनंतर दोन उरल्या: 'श्रीयुत गंगाधर टिपरे' आणि हिंदीतली 'साराभाई वर्सेस साराभाई'. तुमचंही घोडं इथेच अडलं असेल, तर आमच्या घरी काय झालं ते सांगतो. तुमच्याकडे तसंच होईल असं नाही.

आधी साराभाई लावली, कारण मला ती जवळजवळ पाठ आहे. 2004 साली स्टार वनवर आली तेव्हा तिला फारसा प्रेक्षक मिळाला नव्हता, लोकांनी डोक्यावर घेतली ती नंतर. आतिश कपाडियांच्या लेखनातली गंमत अशी की घरातला म्हातारा इंद्रवदन (सतीश शाह) एक खोटं बोलतो, ते झाकायला दुसरं, तिकडे धाकट्या मुलाची, रोसेशची कविता चालू असते आणि शेवटच्या दोन मिनिटांत सगळ्या गाठी एकदम सुटतात. कोणी काही शिकत नाही. पुढच्या भागात इंद्रवदनची उच्चभ्रू बायको माया तितकीच ताठ, रोसेश तितकाच मॉमाच्या पदराला धरून. यंत्रं खोलण्याची हौस असलेला जावई दुष्यंत फ्रिज उघडून बसला आणि बहिऱ्या मधुसूदन फुफांनी 'हें?' केलं की झालं. आमच्याकडच्या जत्रेतल्या नाटकात असंच असतं. गावातला एखादा भाटकार (जमीनदार) किंवा मास्तर ठरावीक लकबीत विंगेतून नुसता डोकावला तरी मांडव हसायला लागतो, वाक्य नंतर येतं. आईची सगळी हयात ही नाटकं बघण्यात गेलेली, त्यामुळे तिला हा प्रकार नवा नव्हता. इंग्रजी शब्द निसटायचे, पण सतीश शाहांच्या चेहऱ्याकडे बघून ती हसायची.

मग ते श्रीखंडाच्या डब्याचं प्रकरण झालं.

आमची आई रिकामा डबा टाकत नाही. श्रीखंडाच्या डब्यात सोलं, आइस्क्रीमच्या डब्यात सुके बांगडे, दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर. थोडक्यात, मायाची काटकसरी सून मोनिशा, तशी आमच्या घरातली मोनिशा आईच. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मुलगी मायाच्या आवाजात म्हणाली, "आज्जी, हे किती मिडल क्लास!" आम्ही सगळे हसलो. आईही हसली. पुढच्या आठवड्यात ते वाक्य दिवसातून पाच वेळा येऊ लागलं, डब्यावरून, पिशवीवरून, ताटात उरलेला भात दुसऱ्या दिवशी फोडणीला टाकण्यावरून. एकदा मुलीच्या मैत्रिणी यायच्या होत्या, तर आईने ओट्यावरचे डबे आपणहून कपाटात नेऊन ठेवले. कोणी सांगितलं नव्हतं.

त्यानंतर मी साराभाई जरा वेगळ्या नजरेने बघितली. मनीषा हे नाव मायाला खालच्या दर्जाचं वाटलं, म्हणून तिने सुनेची मोनिशा करून टाकली. विनोद फर्मास आहे, रत्ना पाठक शाह यांच्या एका भुवईवर तो उभा राहतो, आणि मायाच्या पोकळ मोठेपणाचीही त्यात चेष्टा आहे हे मला कळतं. पण भाग संपताना लक्षात राहते ती मायाची जीभ, आणि पोरं तीच उचलतात.

टिपरे 2001 साली अल्फा मराठीवर (आताच्या झी मराठीवर) सुरू झाली. दिलीप प्रभावळकरांच्याच 'अनुदिनी' या पुस्तकावर बेतलेली, दिग्दर्शन केदार शिंदे यांचं. आबा, म्हणजे आजोबा गंगाधर टिपरे, झाले तेव्हा प्रभावळकर जेमतेम 57 वर्षांचे होते, हे सांगितलं तर आमच्या मुलीला खरंच वाटेना. इथे कथानकाच्या गाठी बारीक आहेत. मुलगा-सून शेखर-श्यामलाची कुरबुर, नातू शिऱ्याची भाषा, नात शलाकाचे बेत, आणि सगळ्यात नाक खुपसणारे आबा. इंद्रवदन आणि आबा दोघेही खोडकर म्हातारे, पण इंद्रवदनला कोणाची तरी फजिती हवी असते आणि आबांना आपल्याला न कळलेलं काय चाललंय ते कळून घ्यायचं असतं. म्हणून असेल, आमच्या आईला आबा लगेच पटले. सून म्हणून श्यामलाही बघा. शुभांगी गोखलेंनी तिला भोळी ठेवूनही कोणाच्या पायाखाली जाऊ दिलेलं नाही.

दोष आहेत. काही भाग रेंगाळतात, शेवटाकडे जरा समजुतीचा सूर लागतो आणि तेव्हा मुलगी मोबाईल उचलते. साराभाईत तिने तो एकदाही उचलला नव्हता, हेही मान्य करायला हवं. हसण्याची संख्या मोजली तर साराभाई पुढे जाईल. पण टिपरे आई पाठमोरी बसून भाजी निवडताना नुसती ऐकू शकते, अधेमधे "काय म्हणाली ती?" म्हणून थांबवावी लागत नाही. पावसाळ्यात वीज जाऊन अर्धा भाग चुकला तरी बिघडत नाही. साराभाईचं अर्धं मिनिट चुकलं की पुढचा सगळा घोटाळा डोक्यावरून.

तुम्ही एकटे किंवा दोघंच बघणार असाल, तर बिनधास्त साराभाई घ्या, फक्त 2017च्या दुसऱ्या पर्वाकडून फार अपेक्षा ठेवू नका. घरात डबे जपणारं माणूस असेल, तर मी टिपरेपासून सुरू करेन. आमच्याकडे आता तीच चालू आहे. साराभाई मी अकरानंतर इअरफोन लावून बघतो, हे बायकोला माहीत आहे.

परवा पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीच्या, खरेदीला म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गेलो होतो. हरमलच्या मिरच्यांसाठी मी बाईंशी घासाघीस करत होतो. मागून मुलगी हळूच काहीतरी पुटपुटली. आईने तिच्याकडे बघितलं आणि पिशवीतून आणखी एक धुतलेली पिशवी काढून मिरच्यांखाली धरली.