रात्री दोनला उठवणारा डबा : मिडलँड डब्ल्यूआर 120 वेदर रेडिओ

मराठी बातम्यांत टोर्नेडोलाही, म्हणजे ढगातून सोंडेसारख्या जमिनीवर उतरणाऱ्या भोवऱ्यालाही, सर्रास चक्रीवादळ म्हणतात, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. समुद्रावरून येणाऱ्या चक्रीवादळाची खबर दिवसांच्या हिशेबात मिळते. टोर्नेडोची मिनिटांच्या. 20 मे 2013 ला ओक्लाहोमातल्या मूर शहरावर जो टोर्नेडो आला, त्याची वॉर्निंग दुपारी 2:40 ला निघाली आणि 2:56 ला तो पश्चिमेला न्यूकॅसलपाशी जमिनीला टेकला. 16 मिनिटं. वेळेवर निघालेली वॉर्निंग म्हणतात ती हीच, आणि तरीही 24 माणसं गेली. तेही भरदिवसा, सगळे जागे असताना, टीव्हीवर रडार चालू असताना.

रात्रीचं काय? 3 मार्च 2020 ला टेनेसीतल्या कुकव्हिलजवळचा टोर्नेडो पहाटे दोनच्या सुमाराला आला. एका काउंटीत, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या विभागात, 19 बळी. गावातले भोंगे बाहेर वावरणाऱ्यांना सावध करण्यासाठी असतात. बंद खिडक्या आणि चालू एसीच्या घरात ते ऐकू येतीलच असं नाही. फोनवरचा इमर्जन्सी अलर्ट उत्तम, पण फोन बंद असला, टॉवर पडला किंवा सेटिंगमध्ये कुणी कधी तो बंद करून ठेवला असला, तर संपलं. वॉर्निंग निघताच आपोआप वाजणाऱ्या मिडलँडच्या या रेडिओचं मोजमाप म्हणूनच एकाच प्रश्नावर करायला हवं: गाढ झोपेतून हा उठवतो का? नीट लावला तर हमखास उठवतो. पण ‘नीट लावला तर’ यातच सगळी गोम आहे.

वस्तू साधी आहे. टेबलावर उभा राहणारा पांढरा डबा, छोटा पडदा, ओढून लांब करायची अँटेना, भिंतीचा अ‍ॅडॉप्टर आणि वीज गेल्यावर चालण्यासाठी तीन एए सेल. किंमत साधारण 30 ते 40 डॉलर. अमेरिकेच्या नॅशनल वेदर सर्व्हिसचं नोआ वेदर रेडिओ हे जाळं हजारावर ट्रान्समीटरांवरून 162.400 ते 162.550 मेगाहर्ट्झमधल्या सात फ्रिक्वेन्सींवर चोवीस तास चालतं, त्या सातही यात आहेत. एरवी डबा गप्प. तुमच्या काउंटीचा संकेत आला की जागा होतो.

त्या संकेताला ‘सेम’ म्हणतात. वॉर्निंग निघाली की आधी फॅक्ससारखी खरखर तीनदा ऐकू येते. काय धोका, कुठल्या काउंटीला, किती वेळ, हे सगळं त्या खरखरीत असतं. मग 1050 हर्ट्झचा सलग सूर, मग निवेदन. रेडिओ ती खरखर वाचतो आणि आपल्या यादीतली काउंटी असेल तरच भोंगा वाजवतो. विकत घेताना नेमकी याच ठिकाणी फसगत होते: हँडल फिरवून चालणाऱ्या बऱ्याच रेडिओंवर ‘वेदर बँड’ लिहिलेलं असतं, पण ते नुसते ऐकण्यापुरते. सेम नाही, काहींत तर आपोआप जागं होणंही नाही. डोंगरात मुक्कामाला न्यायला ठीक. उशाशी ठेवायला निरुपयोगी.

आता लावणं. काउंटीचा आकडा सहा अंकी असतो: पहिलं शून्य म्हणजे अख्खी काउंटी, पुढचे दोन अंक राज्याचे, शेवटचे तीन काउंटीचे. मूर ज्या क्लीव्हलँड काउंटीत येतं तिचा 040027. या रेडिओत अशा 25 काउंट्या बसतात. लोक उत्साहाने आजूबाजूच्या आठ-दहा घालून ठेवतात, आणि वसंतात तिसऱ्या रात्री वैतागून प्लग काढतात. आपली एक घाला. काउंटीच्या पश्चिम किंवा नैर्ऋत्य कडेला राहत असाल तर त्या बाजूची शेजारीण घाला, कारण ही वादळं बहुतेकदा नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे सरकतात. मूरचा तो टोर्नेडो मॅक्लेन काउंटीतून, म्हणजे 040087 मधून, क्लीव्हलँडमध्ये शिरला होता. पूर्वेच्या शेजारणीवर वॉर्निंग निघते तेव्हा वादळ बहुधा तुम्हाला ओलांडून गेलेलं असतं.

बाण दाबत दाबत एकेक अंक भरणं कंटाळवाणं आहे, पण ते एकदाच. दुसरी पायरी जास्त चुकते. सातांपैकी ज्या चॅनलचा आवाज सर्वांत स्वच्छ येतो तो लोक ठेवून देतात. आवाज मोठा असून भागत नाही. त्या ट्रान्समीटरवरून तुमच्या काउंटीचा संकेत जातो का, ते बघावं लागतं. जात नसेल तर रेडिओ वर्षभर खणखणीत हवामान ऐकवेल आणि वॉर्निंगच्या रात्री मख्ख बसेल. कुठला ट्रान्समीटर कुठल्या काउंट्यांसाठी, ही यादी वेदर सर्व्हिसच्या संकेतस्थळावर आहे. आकडा आणि फ्रिक्वेन्सी दोन्ही तिथूनच घ्या.

ट्रान्समीटरचा पल्ला सपाट मुलखात साधारण 40 मैल. डबा खिडकीजवळ ठेवा, अँटेना उभी आणि पूर्ण ओढलेली, वायफायचा राउटर आणि फोनचे चार्जर चार हात लांब. तरी खरखर उरलीच तर मागे बाहेरच्या अँटेनाची सोय आहे. सगळं जमलं की नाही हे कळायला आठवड्याची चाचणी असते, बहुतेक ठिकाणी बुधवारी दुपारच्या आत. हवा बिघडलेली असेल तर ती पुढे ढकलतात. चाचणीची नोंद पडद्यावर उमटली नाही, तर फ्रिक्वेन्सी, आकडा, जागा, याच क्रमाने तपासा.

अलर्टचे प्रकार तीन. ‘व्हॉइस’मध्ये थोडा वेळ भोंगा आणि मग लगेच निवेदन, ‘टोन’मध्ये नुसता भोंगा, ‘डिस्प्ले’मध्ये आवाजच नाही. व्हॉइस ठेवा, पण निवेदनाचा आवाज वेगळा वाढवावा लागतो, ते विसरू नका. भोंग्याने उठवायचं आणि पुढचं कुजबुजत सांगायचं, हा प्रकार त्यामुळेच होतो. निवेदन यांत्रिक आवाजात असतं, पण त्यातले दोन-तीन शब्द कान देऊन पकडण्यासारखे आहेत. ‘वॉच’ म्हणजे हवा तयार होते आहे, बूट आणि टॉर्च जवळ घ्या. ‘वॉर्निंग’ म्हणजे रडारवर फिरकी दिसली आहे किंवा टोर्नेडो प्रत्यक्ष आहे, खोलीत जा. ‘कन्फर्म्ड’ किंवा ‘ऑब्झर्व्ड’ ऐकू आलं तर तो जमिनीवर आहेच. ‘टोर्नेडो इमर्जन्सी’ हा शब्दप्रयोग क्वचित होतो, पहिल्यांदा 3 मे 1999 ला ओक्लाहोमात झाला; तो ऐकल्यावर पडदा सरकवून बाहेर बघायचं नाही.

या डब्याचा खरा दोष डब्यात नाही, व्यवस्थेत आहे. 1 ऑक्टोबर 2007 पासून वेदर सर्व्हिस वॉर्निंग अख्ख्या काउंटीला नाही तर वादळाच्या वाटेवरच्या चौकटीपुरती काढते. फोनला ती चौकट कळते, रेडिओला अजूनही काउंटीच कळते. काउंटी मोठी असेल तर 40 मैलांवरच्या वादळासाठीही हा तुम्हाला उठवणार. त्यात दहातल्या सुमारे सात टोर्नेडो वॉर्निंगमध्ये टोर्नेडो येतच नाही. वैताग साहजिक आहे. पण उपाय प्लग काढणं हा नाही: पुराच्या, हिमाच्या ज्या सूचनांचा भोंगा मेनूतून बंद करता येतो तो बंद करा, टोर्नेडोचा राहू द्या, आणि उठल्यावर चौकट फोनवर बघून ठरवा. बघणं म्हणजे दहा सेकंद, दहा मिनिटं नव्हे. 22 मे 2011 ला मिसुरीतल्या जॉप्लिनमध्ये टोर्नेडो आला तेव्हा अनेकांनी गावातल्या पहिल्या भोंग्यानंतर दुसरी खूण मिळायची वाट बघितली. तिथे 158 माणसं गेली.

बाकीच्या कुरबुरी किरकोळ. सेल या डब्यात चार्ज होत नाहीत. अल्कलाइन घाला आणि अमेरिकेत वर्षातून दोनदा घड्याळं तासभर पुढे-मागे करतात त्या दिवशी बदला, नाहीतर वर्षभराने कप्प्यात हिरवट पावडर सापडते आणि नेमकी वीज जाते तेव्हा डबा मुका. ही भीती उगाच नाही: 27 एप्रिल 2011 ला उत्तर अलाबामात सकाळच्याच वादळांनी हजारो घरांची वीज घालवली होती, सर्वांत मोठे टोर्नेडो दुपारनंतर आले.

कमी ऐकू येणाऱ्यांसाठी मागे आणखी एक सॉकेट आहे, त्याला लखलखणारा दिवा किंवा उशी हलवणारं यंत्र जोडता येतं. याच किमतीत ही सोय सगळीकडे मिळत नाही.

फिरत्या घरात, म्हणजे मोबाइल होममध्ये राहणाऱ्यांनी मात्र रेडिओ घेऊन निश्चिंत होऊ नये. तिथे टोर्नेडोपासून वाचवेल अशी खोलीच नसते, म्हणून वॉर्निंगची नाही तर वॉचचीच वाट बघून जवळच्या पक्क्या इमारतीत जायचं. पक्क्या घरात तळघर, नाहीतर तळमजल्यावरची बिनखिडकीची मधली खोली. डोक्याला सायकलचं हेल्मेट, पायात बूट, कारण नंतर काचांवरून चालावं लागतं. आणि डबा झोपायच्या खोलीत ठेवा. स्वयंपाकघरात ठेवलेला, दोन दारांपलीकडे वाजणारा रेडिओ हा गावातल्या भोंग्याचाच भाऊ.