‘हजार वॅट’ आणि वीसचा फ्यूज

आमची २००७ची कॅमरी म्हातारी झालीय, पण इंजिन ठणठणीत. न्यू जर्सीत एडिसनहून नेवार्कच्या पलीकडे रोजची ये-जा. म्हटलं सॅटेलाइट रेडिओ बसवू आणि जमलं तर कंपनीच्या स्टीरिओचा आवाजही जरा सुधारून घेऊ. दुकानदार आपल्याकडचाच निघाला. ‘‘भाईसाब, कॅश दो, टॅक्स छोड देता हूँ.’’ इथला सेल्स टॅक्स ६.६२५ टक्के. ६४० डॉलरवर चाळीसेक डॉलर वाचले म्हणून मी खूश! या फसवणुकीला पहिला हातभार माझाच.

ठरलं होतं ते रेडिओ थेट वायरने जोडायचं. संध्याकाळी गाडी घ्यायला गेलो तर म्हणाला, एफएमवर ८८.१ लावून ठेवा, सॅटेलाइट तिथंच ऐकू येईल, या गाडीत असंच बसतं. मी मान डोलावली. नेवार्क जवळ आलं की बीबीसीच्या बातम्यांत भलतंच स्टेशन घुसायचं. कधी स्पॅनिश गाणं, कधी नुसती खरखर. बायको म्हणायची, ‘‘आधीचाच रेडिओ बरा होता की.’’ ६४० डॉलर गेल्यावर असलं कोण कबूल करतो?

शेवटी दुसऱ्या एका मेकॅनिकने स्टीरिओ बाहेर काढला. मागे काडेपेटीएवढा एफएम ट्रान्समीटर, म्हणजे सॅटेलाइटचा आवाज ८८.१वर सोडणारी डबी, चिकटपट्टीने डकवलेली. शेजारी सीडी चेंजरचा सॉकेट रिकामा, धूळ खात पडलेला. पैसे घेतले होते ते त्यात बसणाऱ्या, रेडिओ थेट वायरने जोडणाऱ्या अडॅप्टरचे. एफएमवरून पंधरा किलोहर्ट्‌झच्या वरचा आवाज जातच नाही, तेव्हा नव्या ट्वीटर्सना, म्हणजे उंच सूर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकर्सना, बिचाऱ्यांना अगदी वरच्या टोकाचं कामच नव्हतं.

मग अ‍ॅम्प्लिफायर. खोक्यावर ठळक ‘१००० वॅट’, अंगावर फ्यूज वीस अँपिअरचा. गाडी चालू असताना साधारण चौदा व्होल्ट मिळतात. चौदा गुणिले वीस, झाले २८०. हे नुसतं आत जाणारं, त्यातलंही बरंच उष्णतेत जातं. बाहेर सलग हजार कुठून येणार? खोकं हातात घेतलंत तर मोठा आकडा सोडा, बारीक अक्षरातला आरएमएस, म्हणजे सलग मिळणाऱ्या वॅटचा आकडा, बघा. सीटीए-२००६ (वॅट मोजायचं अमेरिकी मानक) असं छापलेलं असेल तर उत्तम. त्यात १४.४ व्होल्ट, ४ ओहम आणि आवाजात एक टक्क्याच्या आत विकृती, अशा अटीत मोजलेले वॅट असतात.

बास, म्हणजे खालचा घुमणारा आवाज, तोही कुठं गायब झाला होता. डाव्या दारातल्या स्पीकरचे प्लस-मायनस उलटे. मेकॅनिकने त्याच्या तारांना क्षणभर दीड व्होल्टचा सेल लावून दाखवला. प्लसला प्लस लावलं की पडदा बाहेर यायला हवा, आमचा आत गेला.

या सगळ्यावर मी हसलोही असतो. पण त्याने अ‍ॅम्पला आलेली जाड लाल वायर ब्लेडने खरवडली, तर वरचं तांबं निघून आत चकचकीत अ‍ॅल्युमिनियम. आणि बॅटरीपाशी फ्यूजच नाही! तो दीड फुटाच्या आत हवा. वायर कुठं घासून उघडी पडली असती तर मध्ये थांबवणारं काहीच नव्हतं. मागच्या सीटवर रोज मुलगी बसते.

दुकानात परत गेलो. ‘‘बिल दिखाओ.’’ माझ्याकडे होती वहीच्या पानाची चिठ्ठी, ‘कार ऑडिओ, ६४०’. ना मॉडेल, ना अडॅप्टरचा उल्लेख. क्रेडिट कार्डने दिले असते तर बँकेकडे तक्रार तरी टाकता आली असती, त्याला स्टेटमेंटपासून साठ दिवस मिळतात. रोखीला कोण विचारतो? ती लाल वायर गुंडाळून ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवलीय. दुकानाचा पत्ता विचारायला कोणी आलं की आधी तीच हातात देतो.