सोसायटीत सुतारकाम सुरू करायचंय: शिबिर, वर्ग की खुली कार्यशाळा?

सोसायटी, वाचनालय किंवा शाळा, कुणीही मुलांना आणि मोठ्यांना सुतारकाम शिकवायचं मनावर घेतलं की तीन पर्याय समोर येतात: सुट्टीतलं एका दिवसाचं शिबिर, दर आठवड्याचा वर्ग, किंवा कुणीही येऊन काम करावं अशी कायमची कार्यशाळा. माझा कौल वर्गाला आहे. शिबिर त्याच्या आधी घ्यावं आणि कार्यशाळेचा विचार नंतर करावा.

शिबिर भरवणं सगळ्यांत सोपं. हॉल एका दिवसापुरता लागतो, नावनोंदणी पटकन होते, कुणाला खरंच गोडी आहे ते कळतं. अडचण आहे ती किटची. आधीच कापलेले एमडीएफचे (लाकडाचे बारीक तंतू चिकट द्रव्याने दाबून केलेल्या फळ्यांचे) तुकडे येतात, मुलं ते चिकटवतात, रंगवतात आणि तीन तासांत पेनस्टँड घेऊन घरी जातात. वस्तू झाली, पण लाकडाशी गाठ पडलीच नाही. एमडीएफला खऱ्या लाकडासारखी तंतूंची रेषा नसते. रेषेच्या दिशेने रंधा (लाकूड तासून गुळगुळीत करायचं हत्यार) मारला तर तो सरसर जातो, उलटा मारला तर लाकूड उचकटतं, हे हाताला कळणं हाच खरा पहिला धडा आहे. शिवाय एमडीएफ कापताना अगदी बारीक धूळ उडते आणि त्याच्या चिकट द्रव्यात बहुधा फॉर्माल्डिहाइड असतं. म्हणून शिबिरच घ्यायचं असेल तर पाइनच्या पट्ट्या, हातकरवत आणि खिळे एवढ्यावर घ्या. पांढरा गोंद पक्का धरायला रात्र जाते, तेव्हा खिळ्यांवर उभी राहील अशीच वस्तू निवडा.

वर्गाला मोठी परंपरा आहे. फिनलंडमध्ये उनो सिग्नेयस यांच्या आग्रहामुळे 1866 साली हस्तकौशल्य शाळेत आलं. पुढे स्वीडनमध्ये नेस इथे ओटो सॉलोमन यांनी त्यासाठी शिक्षक घडवले. त्यांची पद्धत स्लॉइड म्हणून ओळखली जाते: सोप्याकडून अवघडाकडे जायचं, प्रत्येक वस्तू घरात वापरता येईल अशी हवी, आणि ती मुलाने सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतः करायची. आपल्याकडे 1937 च्या वर्धा परिषदेतून गांधीजींची नई तालीम ही शिक्षणपद्धती पुढे आली, ती हातच्या कामातून शिकण्याच्या याच भूमिकेवर. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला, तिथेही मुलं काम करत शिकतात. मला वर्ग पटतो तो याच कारणाने. करवत सरळ चालायला काही आठवडे जावेच लागतात, ते एका दिवसात कोंबता येत नाहीत.

मुलं आणि मोठे एकत्र बसवायचे की वेगळे? याचा विचार जरूर करा. पालक आणि मूल एका फळीवर बसले की थोड्याच वेळात करवत पालकाच्या हातात गेलेली दिसते. त्यात प्रेमच असतं, पण मूल प्रेक्षक होतं. एकत्र वर्ग घेणार असाल तर जोड्या बदला, आपलं मूल दुसऱ्याच्या शेजारी द्या. आठ वर्षांखालच्या मुलांना खिळे ठोकणं, हाताने फिरवायचं ड्रिल आणि पॉलिश पेपर पुरे. पटाशी (लाकूड कोरायचं, टोकाला धार असलेलं हत्यार) दहा-अकराव्या वर्षी द्यावी, तुकडा शिकंज्यात घट्ट आवळून आणि दोन्ही हात धारेच्या मागे ठेवून. बोथट पटाशीला जोर लागतो आणि ती निसटते, त्यामुळे धार लावण्यात कंजूषी नको. करवत निवडताना ओढताना कापणारी जपानी धाटणीची बघा. पातळ पात्याची ही करवत लहान हातांना सोपी जाते.

शिकवायला गावातलाच सुतार बोलवा आणि त्याचा दिवसाचा रोज पूर्ण द्या, कारण त्या दिवशी त्याचं दुसरं काम बुडतं. आज बरेचसे कारागीर प्लायवर मशीनने काम करतात. चौकटी, दारं, बैलगाड्या हाताने केलेला एखादा जुना माणूस मिळाला तर सोन्याहून पिवळं. समजावून सांगण्याची सवय त्याला नसली तर एक शिक्षक सोबत द्या. एका सुतारामागे आठपेक्षा जास्त मुलं घेऊ नका.

खुल्या कार्यशाळेचं आकर्षण मलाही आहे. ऑस्ट्रेलियात मेन्स शेड नावाने अशा जागा चालतात, तिथे निवृत्त पुरुष एकत्र येऊन काम करतात. पण तिथे कुलूप, किल्ली आणि जबाबदारी यांचा प्रश्न रोजचा. वर्गातून चार-पाच भरवशाची मोठी माणसं तयार झाल्यावरच तिकडे वळा. मुलांना तिथे एकटं सोडता येत नाही.

लाकडात सागवानाचा मोह टाळा. ते महाग आहे, शिवाय त्यातल्या सिलिकामुळे धार लवकर जाते. पाइन ठीक. शिवण झाडाचं लाकूड मिळालं तर कोरायला छान. पांगारा हलका आणि मऊ असतो, सावंतवाडीची लाकडी खेळणी पूर्वापार त्याची. वापरलेल्या पॅलेटचं (माल ठेवायच्या लाकडी चौकटीचं) लाकूड घेणार असाल तर त्यावरचा शिक्का वाचा: एचटी म्हणजे उष्णता दिलेलं, ते चालेल. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं, ते वर्गात आणूच नका. मुलांनी लाकडी चमचे केले तर त्यांना शुद्ध जवसाचं तेल लावा. दुकानातल्या 'बॉइल्ड' तेलात बहुधा धातूंचे क्षार मिसळलेले असतात. तेलाची फडकी गोळा करून टाकू नका, ती आपोआप पेटू शकतात. मोकळी पसरून वाळवा.

लाकडाची धूळ कर्करोगकारक पदार्थांच्या यादीत आहे, म्हणून मुलांजवळ सँडर (लाकूड घासायचं मशीन) नको आणि जमेल तितकं काम उघड्यावर करा. त्यासाठी दिवाळीनंतरचे महिने उत्तम: लाकूड कोरडं असतं, अंगण मोकळं असतं. वेळ मात्र रविवारी सकाळची ठेवा, दुपारच्या झोपेत ठोकाठोक कुणालाच नको असते.