प्रोफाइल फोटो: आधी चौरस क्रॉप करावा की अपलोड करतानाच?

सार्वजनिक वाचनालयासारख्या संस्थेच्या पानावर प्रोफाइल फोटो लावताना मूळ आयताकृती चित्र तसेच अपलोड करून ते अ‍ॅपमधील वर्तुळात बोटाने सरकवत बसवता येते, किंवा एडिटरमध्ये आधीच चौरस क्रॉप करून मग चढवता येते. एखाद्या व्यक्तीच्या चेहऱ्यासाठी पहिला मार्ग पुरेसा आहे, कारण चेहरा मध्यभागी आला की कडेचे थोडे गेले तरी काही बिघडत नाही.

बोधचिन्हाचे तसे नसते. चौरसात बसणारे सर्वांत मोठे वर्तुळ त्याचे सुमारे ७८.५ टक्केच क्षेत्रफळ व्यापते, त्यामुळे कोपऱ्यात छापलेले स्थापनेचे वर्ष हमखास कापले जाते. याउलट, ८०० बाय ८०० पिक्सेलच्या चौरसात चिन्ह मधल्या ५६० पिक्सेलच्या चौकटीत ठेवले, तर त्याचा एकही कोपरा वर्तुळाबाहेर जात नाही. शिवाय यूट्यूबपासून एक्सपर्यंत हीच फाइल सर्वत्र वापरता येत असल्याने संस्थेची ओळख प्रत्येक ठिकाणी सारखीच दिसते.

यात वेळ अधिक जातो हे खरे, पण संस्थेसाठी मी निःशंकपणे दुसराच मार्ग सुचवेन. मात्र मूळ चित्र मोठे हवे. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले लहान चित्र ताणून मोठे केल्यास ते धूसरच राहते. चिन्हात अक्षरे असतील तर फाइल पीएनजी स्वरूपात जतन करावी, कारण जेपीजीमध्ये अक्षरांच्या कडांभोवती डाग उमटतात.